‘फिटनेस २०२८ पर्यंत’ म्हणजे गाडी तपासलेली आहे का?

प्रश्न : माझ्या मिस्टरांची बदली चंडीमंदिरला झाली आणि गेल्या वर्षी आम्ही पुण्याहून चंडीगडला आलो. मुलांची शाळा, बाजारहाट, मधूनच सिमल्याची चक्कर, एवढ्यासाठी एक जुनी गाडी घ्यायची आहे. सीएच ०१ पासिंगची, २०१३ सालची डिझेल स्विफ्ट बघितली. विकणारे म्हणतात, ‘फिटनेस २०२८ पर्यंत आहे, पीयूसी आहे, इन्शुरन्स आहे, अजून काय हवं?’ माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये असते. तिने तिकडे जुनी गाडी घेतली तेव्हा सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला आणि दरवर्षीची तपासणी, तीत काय नापास झालं, त्या दिवशी गाडी किती मैल चालली होती, हे सगळं समोर आलं. आपल्याकडे हा इतिहास कुठे बघायला मिळतो? मिळत नसेल तर आम्ही विश्वास कशावर ठेवायचा?
— एक वाचक, चंडीगड

उत्तर : विकणारे खोटं सांगत नाहीत. ‘वाहन’च्या सरकारी नोंदीत ती तारीख तशीच दिसेल. पण ती ठरली २०१३ मध्ये, गाडी कोरी करकरीत असताना. मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते आणि तीच तारीख पुढे ‘फिटनेस’ म्हणून सगळीकडे दिसत राहते. मधल्या काळात कुणा सरकारी निरीक्षकाने या गाडीचे ब्रेक दाबून पाहिलेले नाहीत, वाकून चेसिस पाहिलेली नाही, स्टिअरिंगचा खेळ तपासलेला नाही. गाडी दोनदा ठोकली असेल, पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल, तरी ते २०२८ जागचं हलत नाही. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. तुमच्या बहिणीने पाहिला तसा तपासणीचा इतिहास आपल्याकडच्या खाजगी गाडीला नसतोच. तो कुणी दडवलेला नाही, तो तयारच होत नाही.

हीच गाडी टॅक्सी असती तर चित्र वेगळं असतं. पिवळ्या पाटीच्या गाडीला फिटनेसचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. ती तपासणी कशी होते हा वेगळा विषय आहे आणि त्यात महाराष्ट्राचं मोठं काम आहे. पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करून आरटीओतल्या वरवरच्या तपासणीचा प्रश्न लावून धरला आणि ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक हवाच, असा आग्रह न्यायालयाने धरला. माणसाच्या नजरेऐवजी यंत्रांनी तपासणी करणारी केंद्रं नाशिकला आणि तुमच्या बाजूला रोहतकला उभी राहिली. पण हे सगळं मुख्यतः व्यावसायिक गाड्यांसाठी. घरच्या गाडीकडे सरकार पहिल्यांदा नीट बघतं ते पंधरा वर्षं पूर्ण होताना, नोंदणीचं नूतनीकरण करायची वेळ येते तेव्हा. नमुना २५ भरायचा, गाडी निरीक्षकापुढे उभी करायची, ती पास झाली की पाच वर्षांची मुदत मिळते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली आहे, त्यावर राज्याचा कर वेगळा. तुम्ही बघितलेल्या गाडीचं २०२८ फार लांब नाही. तिची आयुष्यातली पहिली सरकारी तपासणी तुमच्या मालकीत, तुमच्या खर्चाने होणार आहे. हा मुद्दा भाव ठरवताना विक्रेत्यापुढे नक्की मांडा.

तुमच्या बहिणीने पाहिलं ती व्यवस्था ब्रिटनमध्ये १९६० मध्ये सुरू झाली, तेव्हा दहा वर्षांहून जुन्या गाड्यांपुरती. १९६७ पासून तीन वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक गाडीला दरवर्षी तपासणी द्यावी लागते आणि तिचा निकाल आता कुणालाही फुकट बघता येतो. जर्मनी आणि जपानमध्ये नव्या गाडीला पहिली तीन वर्षं सूट, मग दर दोन वर्षांनी तपासणी. मला मात्र या सगळ्यांत बेल्जियमचं उदाहरण आपल्या सर्वांत उपयोगाचं वाटतं. तिथे २००६ पासून ‘कार-पास’ नावाचा कागद दिल्याशिवाय जुनी गाडी विकता येत नाही. गाडी गॅरेजमध्ये गेली, टायर बदलायला गेली, तपासणीला गेली, की दर वेळी मीटरवरचं रीडिंग एका मध्यवर्ती नोंदीत जातं आणि विकताना ते सगळं तारखांसह त्या कागदावर छापून येतं. विक्रेत्याने हा कागद दिला नाही तर खरेदीदाराला व्यवहार मोडता येतो.

आपल्याकडे हे करायला नवं खातं उघडायची गरज नाही. पीयूसीला देशातली प्रत्येक जुनी गाडी दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने जायलाच हवी, असा नियम आहे. तिथे कॅमेरा आहे, संगणक आहे, तो ‘वाहन’च्या नोंदीला जोडलेला आहे, नंबरप्लेटचा फोटो काढला जातो. त्याच वेळी मीटरचा एक फोटो काढून रीडिंग नोंदवलं, तर पाच वर्षांत या देशातल्या बहुतेक गाड्यांचा किलोमीटरचा इतिहास आपोआप तयार होईल आणि मीटर मागे फिरवण्याचा धंदा बसेल. हे व्हायला हवं. होईपर्यंत मात्र हा इतिहास खरेदीदारालाच सांधावा लागणार, आणि चिकाटी असेल तर तो बराचसा सांधता येतो. आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, विश्वास कशावर ठेवायचा.

सुरुवात आरसीपासून करा. एमपरिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसेल, पण बाकी पुष्कळ कळतं. सध्याचा मालक कितवा, आरसी चालू आहे की नाही, बँकेचा बोजा आहे का, एनओसी आधीच काढलेली आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवरून बोजा उतरवलेला नसणं ही रोजची गोष्ट आहे. अशा वेळी बँकेचं पत्र आणि नमुना ३५ विक्रेत्याने आणायचा, ते काम ‘नंतर करून देतो’ म्हणून तुमच्याकडे येऊ देऊ नका. गाडी बनल्याचा महिना आणि नोंदणीची तारीख यांत बरंच अंतर असेल तर गाडी कुठे उभी होती ते विचारा.

चंडीगडमध्ये आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो, तो म्हणजे ही गाडी जन्मापासून सीएचचीच आहे का. तुमच्या शहरात एका सिग्नलला सीएच ०१, मोहालीची पीबी ६५ आणि पंचकुलाची एचआर ०३ शेजारी शेजारी उभ्या असतात, म्हणजे एक केंद्रशासित प्रदेश आणि दोन राज्यं, आणि जुन्या गाड्यांची त्यांच्यात सतत ये-जा. त्यात दिल्लीची भर आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली आणि राजधानी परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तिथे निरुपयोगी ठरलेली चांगली डिझेल गाडी मालक भंगारात कशाला घालेल? ती एनओसी घेऊन बाहेरच्या राज्यांत जाते, तिथे तिला नवा नंबर मिळतो. यात बेकायदा काही नाही, अनेकदा ती गाडी उत्तम असते. पण नव्या नंबरावर शोध घेतलात तर तिची पाटी कोरी दिसते. जुनी चलनं, जुने विम्याचे दावे, जुनी सर्व्हिसिंग हे सगळं जुन्या नंबरावर राहिलेलं असतं. म्हणून आधीची आरसी आणि एनओसीची प्रत मागा, जुना नंबर लिहून घ्या आणि तोही तपासा. दिल्लीचीच नव्हे, कर्नाल आणि पानिपतची गाडीही राजधानी परिसरातच मोडते.

डिझेल घेताय म्हणून एक महत्त्वाची गोष्ट. आरसीवर धुराचं मानक ‘बीएस-३’ आहे की ‘बीएस-४’ हे बघा. बीएस-४ चे नियम एप्रिल २०१० मध्ये राजधानी परिसर, मुंबई, पुणे, सोलापूर धरून मोजक्या १३ शहरांत लागू झाले. त्यांत चंडीगड नव्हतं. सगळ्या देशात ते आले एप्रिल २०१७ मध्ये. त्यामुळे २०१३ सालची पुण्याची गाडी बीएस-४ असणार, पण त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची चंडीगडची गाडी बीएस-३ असू शकते. तुमच्यासाठी हा नुसता तांत्रिक तपशील नाही. गाडीने पुण्याला यायचं म्हटलं तर अंबाला, कर्नाल, पानिपत करत वाट राजधानी परिसरातूनच जाते. हिवाळ्यात हवा बिघडली आणि प्रदूषण रोखण्यासाठीचे तिसऱ्या टप्प्याचे निर्बंध लागले की दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद या भागांत बीएस-४ पर्यंतच्या डिझेल मोटारींनाही मनाई होते. जुन्या गाड्यांच्या मालकांना सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये काही दिलासा दिला असला, तरी या प्रश्नावर आदेश वारंवार बदललेले आहेत. बारा-तेरा वर्षांची डिझेल गाडी घेऊन त्या वाटेने जाणार असाल तर निघण्यापूर्वी त्या दिवशीचे नियम बघायची सवय ठेवावी लागेल.

आता किलोमीटर. विक्रेत्याकडे सर्व्हिसची जी बिलं असतील ती सगळी मागा. शिवाय कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मालकाला बरोबर घेऊन जा. गाडीच्या नंबरावरून तिथल्या संगणकात आजवरच्या सर्व्हिसिंगची यादी निघते. मग एका कोऱ्या कागदावर फक्त दोनच गोष्टी लिहा, तारीख आणि त्या दिवशीचं रीडिंग. समजा, २०१६ मध्ये ४८,०००, २०१९ मध्ये ९६,००० आणि आज मीटरवर ७१,००० असेल, तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. पण फसवणूक इतकी ढोबळ क्वचितच असते. जास्त वेळा असं दिसतं की पहिली पाच वर्षं गाडी दरवर्षी १६,००० किलोमीटर चालली, मग अचानक सर्व्हिस सेंटरला जायची थांबली आणि पुढची सात वर्षं मिळून जेमतेम १०,००० भरली. अशी गाडी खरंच घरी उभी असू शकते, मालक परदेशी गेलेला असू शकतो, पंजाबात ते नवलाचं नाही. तेव्हा दुसरे पुरावे बघा. त्या काळातल्या पीयूसी पावत्या आहेत का? बॅटरी, टायर, क्लच कधी बदलला? टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३५१९’ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. मीटरवर ४०,००० आणि गाडीवर टायरचा तिसरा संच असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका. स्टिअरिंगचं गुळगुळीत झालेलं कातडं, क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं झिजलेलं रबर, ड्रायव्हरच्या सीटची बसलेली कड हे डिजिटल मीटरसारखं मागे फिरवता येत नाही.

फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा झाला. मालक राजी असेल तर त्याच्या फास्टॅगचं विवरणही बघा. ‘गाडी फक्त सेक्टर २२ ते सेक्टर १७ अशीच चालली’ म्हणणाऱ्याच्या गाडीने दर आठवड्याला हायवेचे टोल भरलेले असतील, तर ते तिथे दिसेल. ई-चलनांची यादीही अशीच बोलते. चंडीगडमध्ये चौकाचौकांत कॅमेरे आहेत. चलन बाकी असेल तर नाव बदलताना काम अडू शकतं, ते निराळंच. पण चलनं कुठल्या शहरांतली आहेत यावरून गाडी कुठे वावरली हे कळतं.

पीयूसीबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. तो धुराचा दाखला आहे, गाडीच्या प्रकृतीचा नाही. ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग यांच्याशी त्या तपासणीचा संबंध नाही. तरी जुने दाखले उपयोगी पडतात. सलग असतील तर गाडी चालू होती, दोन वर्षांचा खड्डा असेल तर विचारायला हवं. बीएस-३ गाडीला दर सहा महिन्यांनी आणि बीएस-४ ला वर्षाने दाखला लागतो, त्यामुळे मुदत बघूनच गाडी कुठल्या मापाची हेही कळतं. शक्य असेल तर व्यवहाराआधी तुमच्या डोळ्यांसमोर नवी पीयूसी करायला सांगा. डिझेल गाडीला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धूर मोजतात, इंजिन थकलेलं असेल तर तिथेच दिसतं.

विम्याचे कागद मला पीयूसीपेक्षा अधिक बोलके वाटतात. एकच पॉलिसी बघू नका, मागच्या तीन-चार मागा. त्यांवर ‘नो क्लेम बोनस’ची टक्केवारी असते. दावा न करता वर्षं गेली की ती २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत चढते. एखाद्या वर्षी ती ५० वरून शून्यावर आली असेल, तर त्याआधीच्या वर्षी बहुधा दावा झाला होता. कशाचा? बंपरचा, की चेसिसपर्यंत गेलेल्या ठोकरीचा? विमा कंपनीकडून त्याचे कागद मूळ मालकालाच मागता येतात, त्याला मागायला लावा. विम्यात खंड पडला असेल तर नवी पॉलिसी देण्याआधी कंपनी गाडीची पाहणी करते, फोटो काढते, मीटरचाही काढते. खाजगी गाडीच्या आयुष्यात कुणा तिऱ्हाइताने केलेली तपासणी बहुतेक वेळा एवढीच असते, म्हणून तो अहवाल मिळाला तर सोडू नका. आणि हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. ‘५० टक्के बोनससकट विमा देतो’ असं कुणी म्हणालं तर तो तुम्हाला लागू होणार नाही.

पुराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाला २६ जुलै २००५ आठवतो, चंडीगड मात्र आखीव-रेखीव आणि उंचावरचं म्हणून तिथे ही भीती मनात येत नाही. जुलै २०२३ मध्ये चंडीगडला चोवीस तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, सुखना तलावाचे दरवाजे उघडावे लागले आणि आसपासच्या वसाहतींत गाड्या पाण्याखाली गेल्या. २०२५ मध्ये पंजाबभर पूर होता. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून बाजारात येते, महिनाभर चालते आणि मग वायरिंगमध्ये एकामागून एक बिघाड सुरू होतात. ते कुणालाच नीट दुरुस्त करता येत नाहीत. अशी गाडी स्वस्तातही घेऊ नये. ओळखायची कशी? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतला भाग कुणी धुवत नाही, तिथे चिखलाची रेघ राहते. सीटच्या खालच्या रुळांवर गंज, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात गाळ, हेडलाइटच्या आत वाफेचे डाग. गालिच्याची कड उचलून खालचा फोम चाचपा. नवा गालिचा, नवे सीटकव्हर आणि भरपूर अत्तर एकत्र दिसलं तर अधिक बारकाईने बघा.

ठोकलेल्या गाडीची खूणही अशीच सापडते. बॉनेट आणि दरवाज्यांच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालेला असेल तर ते कधीतरी काढले गेले आहेत. सगळ्या काचांवर कंपनीची खूण आणि वर्षाचा संकेत असतो, एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर ती का बदलली ते विचारा. चेसिस नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा आणि हात फिरवून बघा, आजूबाजूला घासल्याच्या किंवा नव्या वेल्डिंगच्या खुणा नकोत. त्या नंबराची पेन्सिलने छाप घेऊन ठेवा, नाव बदलायच्या अर्जाला ती लागते. हाच चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून ‘रिकॉल’ बाकी आहे का तेही बघा. सदोष एअरबॅगसाठी होंडाने भारतात जुन्या गाड्या परत बोलावून ते भाग फुकट बदलून दिले, पण दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेल्या गाडीपर्यंत असा निरोप पुष्कळदा पोचतच नाही.

गाडी बघायला सकाळी जा, न सांगता लवकर जा आणि आधी बॉनेटला हात लावा. ते गरम असेल तर इंजिन तुमच्यासाठी तापवून ठेवलं आहे. चंडीगडच्या जानेवारीत थंड डिझेल इंजिन पहिल्या चावीला कसं उठतं, किती धूर टाकतं, यावरून अर्धी परीक्षा होते. उरलेली अर्धी तुमच्या विश्वासातल्या मेस्त्रीवर सोपवा. तो विक्रेत्याच्या ओळखीचा नसावा आणि गाडी रॅम्पवर चढवूनच बघावी. त्याला स्कॅनर लावून इंजिनच्या संगणकातले जुने दोषही वाचायला सांगा. त्याला दिलेले पैसे वाया गेले असं कधीही समजू नका, गाडी नाकारावी लागली तरी.

विकणारा मालक आहे की डीलर हेही आधी स्पष्ट करून घ्या. सेक्टर ७ मधल्या रविवारच्या कार बाजारापासून चंडीगडला जुन्या गाड्यांच्या व्यापाराची मोठी परंपरा आहे आणि तिथे चांगले जाणकार व्यापारी आहेत. पण एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी प्राधिकरणाचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर करायची असते आणि तेव्हापासून गाडी विकली जाईपर्यंत जबाबदारी डीलरची. अधिकारपत्र बघायला मागण्यात संकोच नको. जो डीलर फक्त मूळ मालकाने सही करून ठेवलेले नाव बदलायचे कोरे नमुने २९ आणि ३० हातात ठेवतो, त्याच्याकडून घेऊ नका.

या कोऱ्या सह्यांनी काय होतं ते पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयातून, म्हणजे तुमच्याच शहरातून, सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात दिसलं. एक मारुती ८०० एका हातातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या, चौथ्या हातात विकली गेली, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. २००९ मध्ये त्या गाडीखाली एक मुलगा दगावला. भरपाई कोणी द्यायची? ६ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालाने ठरलं की कायद्याच्या लेखी मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. गाडी दोन वर्षांपूर्वी विकून मोकळा झालेला माणूस त्यात अडकला. म्हणून नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. त्याला ती नसेल तर काहीतरी बिनसलेलं आहे. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचं असतं. विमा तुमच्या नावावर करून घेण्यासाठीही १४ दिवसांतच विमा कंपनीकडे अर्ज द्या.

तुमची बदली पुन्हा महाराष्ट्रात होईल तेव्हाचा विचारही आत्ताच करा. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर एनओसी, नवा एमएच नंबर आणि तिथला कर आलाच. चंडीगडला भरलेल्या करातून परत मिळण्यासारखं तेरा वर्षांच्या गाडीत फारसं उरलेलं नसतं. पंधरा वर्षांपुढे महाराष्ट्रात पर्यावरण करही आहे.

हे सगळं धरून माझं मत सांगतो. शाळा, बाजार आणि सिमला एवढ्या वापराला २०१३ ची डिझेल घेऊ नका. त्याच पैशांत पेट्रोलची, जन्मापासून सीएच पासिंगची, एकाच मालकाची आणि सर्व्हिसच्या सलग नोंदी असलेली गाडी शोधा, मग ती दिसायला थोडी डावी असली तरी चालेल. हीच स्विफ्ट मनात भरली असेल तर सर्व्हिस सेंटरची यादी, मागच्या तीन पॉलिसी आणि जुना नंबर असल्यास त्याची आरसी हे तिन्ही हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि आरसीवर तुमचं नाव येईपर्यंत रकमेचा शेवटचा हिस्सा स्वतःकडे ठेवा, तसं सौदा ठरताना कागदावर लिहून घ्या.